फसलेल्या प्लॉटची शिवारफेरी कुणी ठेवील का?

बांधावरचा (ता. औसा, जि. लातूर)

आधी एक कबुली, मग मुद्दा.

२०२२ च्या खरिपात मी दोन एकर सोयाबीन बिगर नांगरटीचं केलं. आदल्या हंगामात एका गावाला शिवारफेरीला गेलो होतो. कायमचे गादीवाफे, ना नांगर ना रोटा, मागच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि काडीकचरा वर तसाच ठेवायचा. त्या शेतकऱ्यानं खुरप्यानं माती उकरून दाखवली. भुसभुशीत, ढेकूळ म्हणून नाही, गांडुळाची बिळं दिसायली. मशागतीचा वाचलेला खर्च वहीत लिहिलेला. कोकणात नेरळकडं भातासाठी निघालेली ही पद्धत, सगुणा तंत्र. आता मराठवाड्यात कापूस-सोयाबीनला करणारे बरेच झालेत, पोकरा या सरकारी प्रकल्पातनंही तिचा प्रसार झालाय. मला पटलं. घरी येऊन वाफे पाडले, गावातल्या पंधरा-वीस जणांना बोलावून दाखवले, चहा पाजला.

टोकण केली, उगवण झकास. जुलैत झड लागली, आठ दिवस ऊन नाही, अन् गोगलगायी निघाल्या. त्या वर्षी लातूर, बीड, धाराशिवकडं ज्यानं सोयाबीन पेरलं त्याला शंखी गोगलगाय काय ते सांगायला नको. पण माझ्या रानात जरा जास्तच होत्या, कारण दिवसा दडून बसायला मीच त्यांना काडाचं पांघरूण घालून ठेवलं होतं. रात्री बॅटरी घेऊन गेलो तर दोन पानांवरच्या रोपांचे नुसते दांडे उभे, आणि वाफ्यावरून सगळीकडं चकाकणारी चिकट रेघ. पाच रात्रीत दोन एकर साफ.

गावात लोकांनी विचारलं. मी म्हणालो, "बी बोगस निघालं."

चहा पाजून वाफे दाखवले होते ना, कोणत्या तोंडानं खरं सांगणार? ट्रॅक्टर घालून मोडलं, रब्बीला हरभरा पेरला, विषय मिटला. मिटला कसला. पुढच्या वर्षी माझ्या चुलतभावानं माझंच बघून एक एकर तसंच केलं. काडीकचरा तसाच, बांधावरचं गवत तसंच. त्याचं अर्धं एकर गेलं. तो मला आजवर काही बोलला नाही, कारण माझं कशानं गेलं हे त्याला माहीतच नाही.

आता मुद्दा. "शेतकरी शेतकऱ्याकडून शिकतो" हे वाक्य कृषी खात्यापासून कीर्तनापर्यंत सगळे म्हणतात. खरंही आहे, फक्त आपण जिंकलेल्याकडूनच शिकतो. शिवारफेरीत पहिला प्रश्न "व्हरायटी कोणती?", दुसरा "फवारा कोणता मारला?", तिसरा "उतारा किती पडला?" काय केलं अन् ते अंगावर आलं, हे ना कुणी विचारतं ना कुणी सांगतं. म्हणून म्हणतो, प्रत्येक गटानं वर्षातनं एक फेरी फसलेल्या प्लॉटची ठेवावी. मालकानं वाफ्यात उभं राहून सांगावं कुठं चुकलं ते. हार-शाल नको.

बोला.

---

आखाड्यावर (वसमत, जि. हिंगोली)

भाऊ, तुमचं बोलणं काळजाला लागलं, पण हे व्हायचं नाही. काहून ते सांगतो.

पुतण्याची सोयरीक बघायलोत. पाव्हणे आले की आधी घर नाही बघत, आखाड्यावर, म्हंजे रानातल्या वस्तीवर येतेत. विहिरीत वाकून बघतेत, हळदीच्या पानाची रुंदी बघतेत, मंग बैठकीत बसतेत. अन् मी त्याच धुऱ्यावर चाळीस माणसं गोळा करून "हे बघा माझं कसं वाटोळं झालं" म्हणू? पाव्हणा तिथूनच गाडी फिरवल.

दुसरं, उधारी. बी, खत, फवारा, सगळं उधारीवर. पीक गेलं म्हणून बोभाटा झाला की वरचा माल बंद. तुम्ही खोटं बोललात त्यात लाज वाटून घेऊ नका. खोटं बोलणं बी शेतीतला एक खर्चच हाय.

---

निवृत्त सहायक (परभणी)

तीस वर्षं कृषी सहायक म्हणून काढली, त्यामुळे थोडं कडू बोलतो.

बांधावरचा, तुमचं पीक नेमकं कशानं गेलं हे तुम्हाला तरी माहीत आहे का? काडीकचऱ्यामुळे गोगलगायी "जरा जास्तच" होत्या म्हणता. मोजल्या होत्या? एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून तुमच्या रानात पाच ठिकाणी आणि शेजारच्या नांगरलेल्या रानात पाच ठिकाणी? नसतील मोजल्या तर ती तुमची समजूत झाली. आणि अशी समजूत शिवारफेरीत सांगितली की ती पद्धतीच्या कपाळावर बसते ती बसतेच.

एक पाहिलेलं सांगतो. एका गावात रुंद वरंबा सरीवर (बीबीएफवर) सोयाबीन आणलं. पहिल्याच वर्षी तिथल्या मातब्बर शेतकऱ्यानं सऱ्या उताराच्या दिशेनं पाडल्या, आडव्या पाडायच्या सोडून. एकच मोठा पाऊस झाला, माती वाहून ओढ्याला. तो खरं बोलणारा माणूस, त्यानं पारावर बसून प्रामाणिकपणे सांगितलं, "बीबीएफनं माझी माती नेली." पुढं दहा वर्षं त्या गावात कुणी वरंब्याचं नाव काढलं नाही. चूक सऱ्यांच्या दिशेची होती, गेली पद्धत. जिंकलेला माणूस फार तर एका व्हरायटीचं खूळ पसरवतो. फसलेला माणूस चांगल्या गोष्टीला गाव बंद करतो.

शेतीशाळा हा शब्द आता सगळे वापरतात म्हणून तिचं मूळ सांगतो. १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी ती सुरू झाली. भाषण नाही, सत्कार नाही. हंगामभर दर आठवड्याला त्याच प्लॉटवर जायचं, झाडावर किती किडी आणि किडी खाणारे किती कोळी-ढालकिडे ते मोजायचं, चित्र काढायचं, मग गटानं ठरवायचं फवारायचं की नाही. शेजारी शेतकऱ्यांच्या नेहमीच्या पद्धतीचा प्लॉट तुलनेला. आपल्याकडं २००८ ला सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप हा किडींवर नजर ठेवायचा सरकारी प्रकल्प आला, त्यातही पाया मोजण्याचाच. तुमच्या फेरीत मोजणं कुठं आहे? ती कबुलीजबाबाची सभा होईल.

आणि "बी बोगस" म्हणालात त्याबद्दल. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले असते आणि सत्तरच्या वर उगवलेले मोजले असते, तर तसं म्हणताना जीभ अडखळली असती.

---

बांधावरचा

@निवृत्त सहायक, साहेब, मोजल्या नाहीत. मान्य. पण रुंद वरंब्याची तुमची गोष्ट माझ्याच बाजूनं जातेय. तो माणूस पारावर बोलला. त्याला शेतात उभं करून बोलायला लावलं असतं, तर पोरानंसुद्धा म्हटलं असतं, "काका, तुमच्या सऱ्या ओढ्याकडं तोंड करून आहेत." पारावर उतार दिसत नाही.

---

काउंटरमागून (माजलगाव, जि. बीड)

माझं कृषी सेवा केंद्र आहे. शिव्या येतील, येऊ द्या.

पहिली गोष्ट. बांधावरचा, तुम्ही दुकानाचं नाव घेतलं नसेल, पण गावाला माहीत असतं कोण कुठून बी उचलतं. त्या दुकानदाराकडं पुढच्या मृगाला तुमच्या गावातले किती जण फिरकले नाहीत, याचा हिशेब तुमच्या कबुलीत नाही.

दुसरी. फसलेल्या प्लॉटची शिवारफेरी माझ्या काउंटरवर रोज भरते. जुलै-ऑगस्टात कॅरीबॅगमध्ये पानं घेऊन येतात, अख्खं झाड उपटून मुळासकट आणतात, मोबाइलवर फोटो दाखवतात ते बहुतेक हललेले. "काय मारलं आधी?" विचारलं की "काहीच नाही". दहा मिनिटांनी खरं निघतं: तीन औषधं एकाच पंपात, वर टॉनिक, वर शेजाऱ्यानं दिलेलं उरलेलं तणनाशक. पानं करपली आणि आता करप्याचं औषध पाहिजे.

तिसरी, आणि हीच मुद्द्याची. शेतकरी शेतकऱ्याकडून शिकतो म्हणजे प्रत्यक्षात काय करतो? शेजाऱ्याच्या बांधावर पडलेली रिकामी बाटली उचलून आणतो आणि काउंटरवर ठेवतो. "हेच द्या." कोणत्या किडीला, कोणत्या अवस्थेत, किती पाण्यात, काही नाही. एकदा तर एकानं आणलेली बाटली उसावर मारायच्या तणनाशकाची होती, हा निघाला होता सोयाबीनवर मारायला. मी दिलं नाही. दुसऱ्यानं दिलं असेल की नाही, सांगू शकत नाही.

माझ्या मार्जिनबद्दल बोलणार असाल तर बोला. पण रात्री आठ वाजता फोन उचलणारा या तालुक्यात मी आहे, विद्यापीठ नाही.

---

पुण्यात नोकरी गावात शेती

एक शंका. नांगरट बंद म्हणजे तणाला ग्लायफोसेट हे तणनाशक आलंच. मग याला शाश्वत कसं म्हणायचं? एकीकडं गांडुळं मोजायची आणि दुसरीकडं फवारायचं?

---

आखाड्यावर

@पुण्यात नोकरी, या एकदा, खुरपं हातात देतो. झडीत हळदीतलं तण कंबरंला लागतंय अन् बाया मिळत नाहीत तवा बघू.

---

निवृत्त सहायक

शंका रास्त आहे, चेष्टा नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरती मर्यादित केली, आणि गावात ते कुणाला माहीतही नाही. शून्य मशागतीचे काही शेतकरी तण कापून आच्छादन म्हणून वापरतात, पण मजुरी त्यांनाही चुकत नाही. यावर वेगळा धागा काढा, हा फुटेल.

---

चुनखडी (बदनापूर, जि. जालना)

नाव जमिनीवरून घेतलंय.

फसलेला असो की जिंकलेला, त्याची माती माझ्यासारखी आहे का, हे आधी बघा. आमच्या शिवारात माझं रान चुनखडीचं, बांधापलीकडचं भारी काळं. मध्ये फक्त एक बोरीचं झाड. २०२३ ला माझं सोयाबीन पिवळं पडलं. बांधापलीकडचे अण्णा आले, चाळीस वर्षांचा अनुभव, म्हणाले, "मोझॅक आहे, पांढरी माशी मार." त्या वर्षी पिवळ्या मोझॅकनं, म्हणजे पांढरी माशी पसरवते त्या रोगानं, खरोखरच धुमाकूळ घातला होता, त्यामुळे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. दोन फवारे मारले, पिवळं ते पिवळंच.

मग कृषी विज्ञान केंद्रात पानं घेऊन गेलो. तिथं दाखवलं तसं सांगतो, ज्याला उपयोग होईल त्याला होवो. मोझॅक असला की पानावर पिवळे-हिरवे ठिपके वेडेवाकडे मिसळलेले असतात आणि एक झाड पिवळं, शेजारचं हिरवं असंही दिसतं. माझ्या रानात शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी पेनानं रेघा मारल्यात, आणि पट्टाच्या पट्टा तसा. तो लोह न मिळाल्याचा पिवळेपणा. लोह जमिनीत असतं, चुन्यामुळे झाडाला उचलता येत नाही. अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे दहा लिटरला पन्नास ग्रॅम, दोनदा फवारल्यावर नवी पानं हिरवी फुटली.

अण्णा खोटं बोलले नाहीत. त्यांच्या रानात त्यांनी हा पिवळेपणा आयुष्यात पाहिलेलाच नाही, कारण त्यांच्या जमिनीत तो येतच नाही. बांध ओलांडला की अनुभव परका होतो. कडवंची आमच्याच जिल्ह्यात, लोक गाड्या भरभरून येतात, द्राक्षं आणि शेततळी बघतात, घरी जाऊन शेततळं खोदतात. तिथं आधी डोंगरापासून पाणलोटाची कामं झाली, मग विहिरींना पाणी आलं, मग द्राक्षं. डोंगरावर पाणी अडवणारे ते समतल चर गाडीच्या खिडकीतनं दिसत नाहीत.

माझं मत: गावाचे गट माणसांवरून पाडू नका, मातीवरून पाडा.

---

खुरपं (ता. कळंब, जि. धाराशिव)

सगळ्यांचं वाचलं. इतके सगळे बोलले, पण कुणाच्याच बोलण्यात बाई नाही. "बाया मिळत नाहीत" एवढ्यापुरती एकदा आली.

मी दोन एकरवाली. स्वतःच्या रानातलं उरकलं की दुसऱ्याच्या खुरपणीला जाते. आम्ही सात जणींची टोळी. सोमवारी एकाचं रान, मंगळवारी दुसऱ्याचं, शनिवारपर्यंत सहा रानं होतात. गडीमाणूस दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून पीक बघतो. आम्ही त्या पिकात दिवसभर बसून असतो, वीतभर अंतरावरून. तण उपटताना एखादं सोयाबीनचं झाड हातात येतंच. त्याच्या मुळावरच्या गाठी नखानं फोडून बघायची सवय आहे आम्हाला. आतून लाल-गुलाबी असली तर ती काम करतेय, पांढरट-हिरवी असली तर नुसतीच. कुणी बियाला रायझोबियम, म्हणजे गाठी धरवणारं जिवाणू खत, चोळलं होतं आणि कुणी "चोळलं" म्हणून सांगितलं, हे आम्हाला तिथं कळतं. कुणाच्या मातीत खुरपं अलगद शिरतं आणि कुणाच्या रानात चार वाजेपर्यंत मनगट भरून येतं, त्यासाठी माती परीक्षणाचा कागद लागत नाही. (लागतो. पण आधी मनगट सांगतं.)

फसलेल्या प्लॉटची फेरी म्हणता ना? आम्ही ती रोज अडीच-तीनशे रुपये हजेरी घेऊन करतो. आणि दुपारी भाकरी सोडताना त्याच्यावरच बोलणं असतं. कुणाच्या तासात बी खोल पडलं, कुणाचा फवारा वाया गेला, कुणाच्या मालकानं काय सांगितलं आणि खरं काय आहे. आमच्यात लपत नाही, कारण रान आमचं नसतं. इज्जत जायची तर मालकाची जाते.

२०२२ ला आमच्याकडंही गोगलगायी होत्या. तेव्हा आमच्यातल्या एका म्हातारीनं सांगितलं: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात बारदाना भिजवून बांधाच्या कडंनं टाका, पहाटे ऊन यायच्या आत उलटा करा, खाली गोळा झालेल्या असतात. हातात पिशवी घालून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. नुसतं रानात फेकून उपयोग नाही, परत येतात, आणि एकेक शंभराच्या वर अंडी घालते मातीत. ही युक्ती विद्यापीठाच्या पत्रकातही आली होती म्हणे. आमच्याकडं म्हातारीकडून आली आणि सहा दिवसांत सहा रानांवर गेली. इतक्या वेगानं कुठला मेसेज जातो? गेला तरी गुड मॉर्निंगच्या फुलाखाली दबतो.

शिवारफेरीला आम्हीपण असतो. चहाच्या भांड्यापाशी.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, आमच्या भागात बायकांचे गट उभे राहिले. स्वयम शिक्षण प्रयोगनं पुढं त्यातूनच एक एकराची शेती सुरू केली. नवऱ्याकडून एक एकर मागून घ्यायचं, त्यात घरी खायची कडधान्यं, भाज्या, ज्वारी-बाजरी, बी घरचं, खत घरचं. त्या कामाला २०१६ ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. त्या एक एकरात फसलं तर बाई दुसरीला सरळ सांगते, "माझं गेलं गं, तू असं करू नको." तिच्या एकरावर कुणी सोयरीक ठरवत नाही, कुणी उधारी देत नाही. म्हणून तिला खरं परवडतं.

आणि बांधावरचा दादा, एक सांगू का? राग मानू नका. "चुलतभावाला माहीतच नाही" असं लिहिलंत. त्याच्या बायकोला विचारून बघा. तुमच्या त्या दोन एकरात मोडायच्या आधी खुरपायला कुणी ना कुणी बाया आल्याच असतील.

---

आखाड्यावर

ताईनं सगळ्याची पंप-नळी काढली 😄

---

निवृत्त सहायक

@खुरपं, ताई, नमस्कार. तीस वर्षांत शेतीशाळेच्या हजेरीपत्रकावर मी जेवढ्या बायकांची नावं लिहिली, त्यातल्या निम्म्या सही करून भाकरी थापायला घरी गेल्या, हे मान्य करतो. वेळ आम्ही ठेवायचो सकाळी अकराची.

पण माझा आक्षेप राहतोच. म्हातारीची युक्ती पसरली ती बरोबर होती म्हणून ठीक. याच वाटेनं चुकीची गोष्टही तितक्याच वेगानं जाते. गुलाबी बोंडअळीच्या वर्षी, २०१७ ला, कोणकोणती मिश्रणं तोंडातोंडी फिरली ते मी पाहिलंय. मोजून बघणारं कुणीतरी मध्ये लागतं.

---

खुरपं

मोजायला शिकवा ना मग. चौकट द्या आम्हाला. रोज सहा-सात तास बसतोच आहोत रानात.

---

चुनखडी

ही सूचना मात्र या धाग्यातली सगळ्यात कामाची. खुरपणीच्या टोळीला मोजणीची हजेरी वेगळी द्यायची. चौकटीत किती गोगलगायी, किती अळ्या, दहा झाडांवर गाठी किती. पैसे गटानं काढायचे.

---

काउंटरमागून

पैसे गटानं काढायचे, हे वाक्य लिहायला छान आहे.

---

पुण्यात नोकरी गावात शेती

आमच्या गावी येळवसला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, सगळं गाव रानातच असतं. ज्वारीच्या कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. ह्याच्या रानातून त्याच्या रानात जेवायला जातात, कुणालाही नाही म्हणत नाहीत. फसलेल्या प्लॉटची फेरी वेगळी ठेवायची गरजच काय? त्याच दिवशी जेवण झाल्यावर फिरा. भांडणंसुद्धा त्या दिवशी बाजूला ठेवतात.

---

बांधावरचा

@पुण्यात नोकरी, कल्पना गोड आहे, पण येळवशीला सोयाबीन पोत्यात असतं नाहीतर व्यापाऱ्याकडं. फसलेलं पीक कधीच मोडून हरभरा डोलत असतो. माझाही डोलत होता. २०२२ च्या येळवशीला माझ्या कोपीत तीस माणसं आंबील पिऊन गेली, हरभरा बघून "झकास" म्हणाली.

फेरी व्हायची तर श्रावणातच, जेव्हा जखम ओली असते तेव्हा.

---

आखाड्यावर

अन् श्रावणात पाव्हणे बी येतेत. मी म्हणलं ना.

---

बांधावरचा

दोन दिवस इथं आलो नाही. खुरपं ताईंचं वाचून झोप लागली नव्हती.

मी भावजयीशी थेट बोलत नाही फारसा, थोरला दीर पडतो. म्हणून घरच्यांना म्हणालो, जरा काढून बघ विषय. घरच्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तिला कशाला विचारता, मलाच विचारा की." त्या जुलैत पाच बाया दोन दिवस आमच्या वाफ्यात होत्या. पहिल्याच दिवशी काड उचललं तर खाली ढीग. त्यांनी घरी येऊन सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं नव्हतं, कारण तोवर मी गावात "बी बोगस" सांगून आलो होतो. त्याच आठवड्यात भावजयीलाही कळलं होतं. मग पुढच्या वर्षी नवऱ्याला का नाही अडवलं तिनं? घरच्यांनी विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं होतं यांना. हे म्हणाले, दादा बी बोगस म्हणतात तर दादा खोटं बोलतात का?"

म्हणजे माझ्या थोरलेपणानं त्याचं अर्धं एकर खाल्लं. गोगलगायींनी उरलेलं काम केलं.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्याचं जे अर्धं एकर वाचलं, ते कशानं वाचलं हे मी त्याला तेव्हाच विचारलं होतं. "गोळ्या टाकल्या," म्हणाला, "एकदम जालीम आहेत." मी २०२४ ला त्याच्या शब्दावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणल्या, एकरी दोन किलो, कुत्रं बांधून ठेवून टाकल्या. रात्री धो धो आला, गोळ्यांचा लगदा झाला. मला वाटलं, माझंच नशीब.

आता कळलं, त्यानं गोळ्या आणल्याच नव्हत्या. भावजय बारा दिवस रोज पहाटे बांधावरची पोती उलटी करून बादलीत झाडत होती. बायकोनं पोत्यानं पीक वाचवलं, हे मला सांगायची त्याला लाज वाटली.

परवा सकाळी त्याच्या बांधावर गेलो. नऊ पोती आहेत, यंदाची, वाळायला टाकलेली. दोन माझ्या बाजूला सरकलेली होती. वाऱ्यानं की मुद्दाम, विचारलं नाही अजून.